चौघींचा पेपर

ब्रह्मपुरीला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं नेट कॅफे होतं. कॅफे आपलं म्हणायला, चहासुद्धा समोरच्या टपरीवरून यायचा. सहा कॉम्प्युटर, त्यातले दोन कायम आजारी, एक प्रिंटर आणि लाइट गेली की पंधरा मिनिटं कशीबशी तग धरणारी बॅटरी, एवढाच पसारा. मी स्वतः बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षात दोनदा गटांगळ्या खाऊन बाहेर पडलेला माणूस. त्यामुळे शिकणाऱ्यांबद्दल माझं मत फारसं बरं नव्हतं, आणि घरबसल्या शिकणाऱ्यांबद्दल तर नव्हतंच. कॉलेजात जाऊन ज्यांना जमलं नाही ते आता कॉम्प्युटरवर काय दिवे लावणार, असं मी चारचौघांत बोलून दाखवायचो. ते लोक माझंच गिऱ्हाईक होते, तरी बोलायचो.

दोन हजार सालानंतर पाच-सहा वर्षांनी आमच्याकडे जरा बरं इंटरनेट आलं. त्याच सुमारास एका मुक्त विद्यापीठाने आपला कारभार हळूहळू कॉम्प्युटरवर आणला. आधी फॉर्म, मग हॉल तिकीट, मग निकाल आणि शेवटी धडेसुद्धा. रविवारी कॉलेजात तास व्हायचे आणि तास सुटले की सगळी वरात माझ्या दारात यायची. तेव्हा कळलं की एकच डिग्री माणसं किती तऱ्हांनी करतात.

एक गुरुजी होते, एम.ए. करत होते. वेबसाइटवर जे दिसेल ते छापून घ्यायचे. सूचनासुद्धा, सुट्ट्यांची यादीसुद्धा. मग त्याला स्पायरल बाइंडिंग करायचे आणि छातीशी धरून घरी न्यायचे. छापून झालं की त्यांचा अभ्यास झाला. दोन वर्षांत माझा प्रिंटर त्यांनी झिजवला, पण त्यातलं एक पान उलटलं असेल तर शपथ. एक तरुण यायचा, त्याचं म्हणणं होतं की त्याच्या जागी मीच बसून प्रश्न सोडवावेत. त्याला मी हाकललं. तो दुसऱ्या कॅफेत गेला, पास झाला आणि मला पेढा द्यायला आला. पेढा मी खाल्ला.

आणि एक वनरक्षक होता, गडचिरोलीकडच्या जंगलातला. महिन्यातून एकदा यायचा, मोबाइलच्या कार्डात धडे भरून न्यायचा आणि बीटवर फिरताना ऐकायचा. मी त्याला चिडवलं, "साहेब, वाघाला पण इतिहास शिकवता का?" तर तो गंभीरपणे म्हणाला, "एकच कान लावतो जी. दुसरा अस्वलासाठी मोकळा ठेवा लागते." त्या माणसाने एका कानाने बी.ए. केलं. त्या दिवसापासून माझी जीभ थोडी आखडली.

पण मला खरं गप्प केलं ते चार बायांनी.

ब्रह्मपुरी आणि नागभीडच्या मधल्या एका तलावकाठच्या गावातून त्या जीपने यायच्या. चौघीही मासेमारी करणाऱ्या घरांतल्या. सगळ्यांत मोठी होती तिला बाकीच्या मोठीबाई म्हणायच्या, मग मीही म्हणू लागलो. ती गावच्या अंगणवाडीत वीस वर्षं सेविका होती. सगळ्यांत धाकटीला त्या लहानी म्हणत. ती त्याच गावात सून म्हणून आलेली आणि टोलीवरच्या, म्हणजे गावाला लागून असलेल्या वस्तीतल्या, दुसऱ्या अंगणवाडीत नव्याने लागलेली. उरलेल्या दोघींपैकी एक शाळेत खिचडी शिजवायची आणि एक बाजारात मासळी विकायची. ती आली की आसपासचे दोन कॉम्प्युटर आपोआप रिकामे व्हायचे. त्याचं तिला काही वाटत नसे, उलट ती हसायची.

चौघी एकाच वर्षी बी.ए.ला बसल्या, पण घाई एकटीलाच होती. सेविकांमधून सुपरवायझर नेमायच्या होत्या. त्याला डिग्री लागत होती आणि वयाची अट होती. मोठीबाईचं वय त्या अटीच्या काठावर येऊन टेकलं होतं. तिसऱ्या वर्षाचा निकाल वेळेवर लागला तर तिचं नाव यादीत जाणार होतं. पुढच्या यादीपर्यंत वय निघून गेलं असतं. मी एकदा विचारलं, "एवढ्या वयात कशाला हा खटाटोप?" तिने माझ्याकडे नीट पाहिलं.

"वीस वरसं मी रजिस्टर दाखवून राह्यली भाऊ," ती म्हणाली. "काल आलेली पोरगी मले 'ए बाई' म्हणते आन् लाल पेनानं शेरा मारते. एकदा मले तपासाचं हाये."

तिसऱ्या वर्षाची पुस्तकं आली त्या दिवशी त्या कॉलेजातून थेट माझ्याकडे आल्या. प्रत्येकीला विद्यापीठाकडून चार-चार पुस्तकांचा स्वतंत्र संच मिळाला होता. मोठीबाईने आपल्या संचाची दोरी सोडून त्यातली चार पुस्तकं टेबलावर वेगवेगळी मांडली. लहानी टेबलाकडे पाठ करून उभी राहिली. मोठीबाईने एका पुस्तकावर बोट ठेवून विचारलं, "हे कोणाचं?" लहानीने न बघता एक नाव घेतलं. मग दुसरं पुस्तक, दुसरं नाव. मला काही समजेना. मासळीवाली म्हणाली, "तलावावर मासोळी अशीच वाटतेत जी. पाठ केल्याबिगर वाटा करा तर भांडण होते."

नंतर मी ते तलावावर जाऊन पाहिलंही. जाळं ओढायला जितकी घरं उतरली तितके मासळीचे ढीग घालतात. कोणी कंबरभर पाण्यात होता, कोणी काठावर नुसती दोरी धरून होता, तरी ढीग सारखेच. मग एक जण पाठ करून नावं घेतो आणि ज्याचं नाव ज्या ढिगावर येईल तो त्याचा. कुरकुर करणारा एकही दिसला नाही.

अभ्यासाचंही त्यांनी तसंच केलं होतं. चार पुस्तकं वाचायला एकीलाही सवड नव्हती, म्हणून एकीने एकच पुस्तक मुळापासून वाचायचं आणि बाकीच्या तिघींना शिकवायचं. मोठीबाईच्या वाट्याला अर्थशास्त्र आलं. रोवण्याच्या दिवसांत चौघी एकाच बांधीत धान लावायच्या. वाकल्या वाकल्या एक सांगायची आणि तिघी ऐकायच्या. लहानीने मला सांगितलं की मागणी आणि पुरवठा तिला चिखलात समजला, तलाव आटला की मासळीचा भाव का चढतो त्यावरून. मी बी.कॉम.ला तेच पाठ करून नापास झालो होतो. माझ्या प्राध्यापकांनी मला एखाद्या बांधीत उभं केलं असतं तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा मनापासून वाटलं.

पहिली दोन वर्षं स्वाध्याय कागदावर असायचे. जी ती आपल्या अक्षरात, आपल्या शब्दांत लिहायची, त्यामुळे काही अडलं नाही. तिसऱ्या वर्षी ते कॉम्प्युटरवर आले. आपला क्रमांक टाकायचा, पासवर्ड टाकायचा की प्रश्न उघडायचे. प्रत्येकाखाली चार उत्तरं, त्यातल्या बरोबर उत्तरावर टिचकी मारायची.

चौघी एका रविवारी सकाळी आल्या. अकराला लाइट जाणार होती. मी त्यांना सगळ्यांत चांगल्या कॉम्प्युटरसमोर चार स्टुलं टाकून दिली आणि मोठीबाईचा पेपर उघडला. सुरुवातीला इंग्रजीत बारीक अक्षरांची एक सूचना होती. ही उत्तरं मी स्वतः, कोणाच्याही मदतीशिवाय देत आहे, असं काहीतरी. खाली एक चौकट होती. मी ती वाचली, घड्याळाकडे पाहिलं आणि चौकटीत खूण करून पुढे गेलो. त्यांना काय लिहिलंय ते सांगितलं नाही. चारही पेपरांत मी तेच केलं.

मग त्यांचं काम सुरू झालं. ज्या विषयाचा प्रश्न असेल ती वाटेकरीण उत्तर सांगायची आणि बाकीच्या मान डोलवायच्या. अर्थशास्त्राच्या एका प्रश्नावर लहानी म्हणाली, "मोठीबाई, मले तिसरं वाटून राह्यलं." मोठीबाई म्हणाली, "नाई, दुसरं." विषय मोठीबाईच्या वाट्याचा, म्हणून चारही पेपरांत दुसरं उत्तर गेलं. बरोबर तिसरं होतं. पण वाटा ज्याचा, शब्द त्याचा. अकराच्या ठोक्याच्या आत चौघी मोकळ्या झाल्या. टपरीवरून चहा सांगितला आणि माझ्याही हातात एक कप दिला.

लेखी परीक्षा झाल्या. निकालाच्या दिवशी माझ्या कॅफेत जत्रा होती. मोठीबाईचा क्रमांक टाकला. 'निकाल राखून ठेवला आहे.' लहानीचा टाकला, तेच. उरलेल्या दोघींचाही तेच. आठवडाभराने चौघींना पत्रं आली. ऑनलाइन स्वाध्यायातील उत्तरे तंतोतंत सारखी आढळल्याने खुलाशासाठी नागपूरच्या कार्यालयात समक्ष हजर राहावे. सारखी म्हणजे चुकासुद्धा सारख्या.

पत्र वाचून मासळीवाली चिडली. "सारखीच राहीन नं! एकाच जागी बसून केलं तं वेगवेगळी कशी होईन?" त्यांना आपण काही गैर केलं असं वाटतच नव्हतं. मला मात्र ती चौकट आठवली. मी म्हणालो, मीही येतो.

नागभीडवरून नागपूरला तेव्हा छोटी लाइन होती. ती गाडी रमतगमत जायची. चौघी खिडकीपाशी बसून एकमेकींना पुन्हा धडे सांगत होत्या. तिकडे विचारलं तर यायला हवं, म्हणून. मोठीबाई इतिहासातल्या तहांची नावं घोकत होती. यादी लागायला महिनाही उरला नव्हता, हे चौघींना ठाऊक होतं. मी मात्र सगळा वेळ त्याच हिशेबात होतो.

कार्यालयातला साहेब भला माणूस होता. चिडका नव्हता, तुसडा नव्हता. त्याने चौघींना समोर बसवून एकेकीला दुसरीच्या विषयातलं विचारायला सुरुवात केली. खिचडीवालीला अर्थशास्त्र, मोठीबाईला राज्यशास्त्र. त्यांनी धडाधड सांगितलं. मधूनच "हे हिनं सांगतलं होतं" म्हणून एकमेकींकडे बोटही दाखवलं. मी दाराजवळच्या बाकावर बसून ऐकत होतो. मला त्या बायांचा असा अभिमान वाटला की माझ्या स्वतःच्या लेकरांचाही तोवर वाटला नव्हता.

साहेबाने पेन खाली ठेवलं. म्हणाला, "अभ्यास झालाय, दिसतंय मला. पण नियम आहे. एकीने दिलेली उत्तरं चौघींनी वापरली तर कोणाचा तरी पेपर रद्द करावाच लागेल." मग त्याने समोरचा कागद पाहिला आणि मोठीबाईला विचारलं, "तुमचा पेपर सगळ्यांत आधी भरला गेलाय. नोकरीच्या यादीचं लिहिलंय ना तुम्ही खुलाशात? तुम्ही लिहून द्या की बाकीच्यांनी तुमचं पाहून भरलं. तुमचा निकाल मी आजच मोकळा करतो. त्या तिघी पुढच्या वेळी देतील पुन्हा."

त्याने तिच्यापुढे कोरा कागद सरकवला. मग लहानीच म्हणाली, "लिहा नं मोठीबाई. आमाले काई घाई नाई."

मोठीबाईने कागद हातात घेतला, दोन्ही बाजूंनी पाहिला आणि परत टेबलावर ठेवला. "खोटं काऊन लिहू साहेब? माह्या पेपरात तीन वाटे या तिघींचे हायेत. माह्या एकटीचं त्यात अर्थशास्त्रच हाये, आन् त्यातलं बी एक चुकलं."

साहेब हसला नाही. मी मात्र तेव्हा उठलो आणि आत गेलो. चौकटीत खूण मी केली होती, ती सूचना मी वाचली होती आणि या बायांना सांगितली नव्हती, हे मी एका दमात बोलून टाकलं. साहेबाने विचारलं, "आपण कोण?" मी म्हणालो, "कॅफेवाला." त्याने तेही लिहून घेतलं. शेवटी निर्णय असा झाला की बंदी कोणावरच नाही, लेखी परीक्षेचे गुण चौघींचे कायम आणि ऑनलाइन स्वाध्याय चौघींनी पुढच्या सत्रात पुन्हा द्यायचे, वेगवेगळे बसून. त्याने त्याच्या परीने न्याय केला. पण पुढचं सत्र म्हणजे सहा महिने होते.

परतीच्या गाडीत माझा संताप अनावर झाला. मी सगळ्यांदेखत तिच्यावर ओरडलो. "एक ओळ लिहून द्यायला काय जात होतं? त्या तिघी तयार होत्या! साहेब स्वतः म्हणत होता! वीस वर्षं घासलीस आणि काठावर येऊन बुडालीस!" मी तिला एकेरी बोलतोय हेही माझ्या ध्यानात आलं नाही. डब्यातली माणसं वळून पाहू लागली.

मोठीबाई शांतपणे म्हणाली, "लिहून देलं असतं तं सकाळी तलावावर कोणत्या तोंडानं गेली असती?" मग थोडं थांबून तिने विचारलं, "भाऊ, त्या दिवशी तुमाले ते लिवलेलं समजलं होतं?"

"हो."

"मंग सांगाले पायजे होतं जी."

एवढंच. आवाज चढला नाही की त्यात टोमणा नव्हता. आजवर मला अनेकांनी शिव्या घातल्या आहेत आणि त्यांतल्या बहुतेक मी विसरलो आहे. हे वाक्य काही विसरता आलं नाही.

सहा महिन्यांनी चौघी पुन्हा आल्या. या वेळी मी चार कॉम्प्युटर दिले आणि मध्ये पुठ्ठे उभे केले. आजारी कॉम्प्युटरांपैकी एक मी बाकीच्या गिऱ्हाइकांसाठी आदल्या दिवशी नागपूरवरून भाग आणून दुरुस्त केला होता. प्रत्येकीपुढे ती सूचना मी मोठ्याने मराठीत वाचली आणि म्हणालो, आता तुमची तुम्ही खूण करा. कॅफेत इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. मासळीवालीला मध्येच राहवेना, ती पुठ्ठ्यावरून डोकावू लागली. मोठीबाईने तिकडे न बघताच "हूं" केलं आणि ती जागेवर बसली.

चौघी पास झाल्या, चौघींचे गुण वेगवेगळे. मोठीबाईने आपला निकाल पाहण्याआधी तिघींचे पाहून घेतले. सुपरवायझरांची यादी तोवर लागून गेली होती आणि तिचं वय अटीच्या पलीकडे. पुढच्या वर्षी पुन्हा जागा निघाल्या तेव्हा तिनेच लहानीला हाताला धरून माझ्याकडे आणलं आणि फॉर्म भरून घेतला. फोटो कुठला लावायचा तेही तिनेच ठरवलं. लहानी निवडली गेली आणि तिच्या वाट्याला जी गावं आली त्यात त्यांचं स्वतःचं गावही होतं.

लहानी आपल्या भेटींचे अहवाल टाइप करायला माझ्याकडेच यायची. पहिल्याच महिन्यात ती शेरेबुकाची काही पानं झेरॉक्स करायला घेऊन आली. एक पान तिने सगळ्यांत शेवटी पुढे केलं. ते मोठीबाईच्या अंगणवाडीचं होतं.

मी विचारलं तेव्हा तिने सांगितलं. ती गेली तेव्हा मोठीबाईने खुर्ची पुसून ठेवली होती. लहानी खाली सतरंजीवर बसू लागली तर तिने बसू दिलं नाही. रजिस्टर तपासताना दोन लेकरांची वजनं लिहायची राहिलेली सापडली. लहानीने पान उलटून टाकलं. मोठीबाईने ते पान परत मागे घेतलं, लाल पेन तिच्या हातात दिलं आणि म्हणाली, "चुकलं हाये तं लिह. तपासाले आली नं तू?" लहानी रडत रडत तीन ओळी लिहून आली होती.

मी पान काचेवर ठेवण्याआधी वाचलं. लाल शाईत लहानीचं अक्षर होतं, दोन बालकांची वजने नोंदवलेली नाहीत, तात्काळ नोंदवावीत. त्याखाली निळ्या शाईत मोठीबाईने लिहिलं होतं, 'शेरा वाचला. आजच वजने घेतली.' मग तिची सही होती, आपलं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, असं सगळं पूर्ण. आणि नावापुढे, कागदात रुतेल इतक्या जोरात लिहिलेलं, बी.ए.

"भाऊ," लहानी म्हणाली, "एक झेरॉक्स जास्तीची काढा. मले घरी ठेवाची हाये."

मी दोन जास्तीच्या काढल्या.